सातभाईंचा उचलला!

पाटील चौकाच्या तोंडाशी गर्दी तुंबली आहे आणि सगळ्यांच्या माना वर आहेत. कौलारू घराच्या पलीकडून, त्यामागच्या दुमजली माडीच्याही वरून, हिरव्या-गुलाबी कागदाचा निमुळता शेंडा आभाळात गेलाय. वारा आला की तो झुलतो. झुलतो वीतभरच, पण खालच्या माणसाच्या पोटात गोळा येतो.

"किती फुटांचा असंल?" शेजारचा कॉलेजातला पोरगा विचारतो.

"मोजायला कोण चढलंय?" टोपीवाले आबा नजर खाली न आणता सांगतात. "शंभराच्या वर धर. म्होरलं ज्याचा ताबूत हाय त्याला इचार. त्यो दीडशे सांगंल."

कडेगाव हे सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, कराड-विटा रस्त्यावरचं. तालुका होण्याआधी ते खानापूर तालुक्यात होतं. एरवी या रस्त्यानं जाणाऱ्याला दिसतो तो टेंभू योजनेच्या पाण्यावर उभा राहिलेला ऊस आणि लांबवर डोंगराई देवीचा डोंगर. आज मोहरमची दहावी. गावातले ताबूत आज जागा सोडणार, चौकात येणार आणि एकमेकांना भेटणार. ताबूत म्हणजे करबल्यातल्या इमाम हुसेन यांच्या कबरीची प्रतिकृती. हिजरी सन ६१ च्या मोहरमच्या दहावीला, म्हणजे १० ऑक्टोबर ६८० या दिवशी इराकातल्या त्या मैदानावर पैगंबरांचा हा नातू मारला गेला. ती कबर दर वर्षी बांबू-कागदात उभी करायची आणि दहाव्या दिवशी मिरवायची, ही रीत हिंदुस्थानभर आहे. पण इतर गावांतला ताबूत आठ-दहा माणसं सहज उचलतात. इथल्या मोठ्या ताबुताला शेकडो खांदे लागतात.

पावसाची भुरभुर आहे. कागद भिजेल अशी नाही, माणूस भिजेल अशी. छत्री उघडली की मागून ओरडा होतो, "ओ पाव्हणं, मिटा ती! दिसाय नगं का आमाला?" सगळे मुकाट्यानं भिजतायत. माड्यांच्या गॅलऱ्या बायकांनी भरल्यात. गच्चीवर पाहुणे, पाहुण्यांचे पाहुणे. एका बंद दुकानाच्या फळीवर एकाच घरातली सहा पोरं उंचीनुसार उभी आहेत. लाईट सकाळपासून गेलेली आहे आणि तिच्याबद्दल आज कुणी एक शब्द काढत नाही.

माझ्यापुढे एक गृहस्थ उभे आहेत, पांढरा शर्ट, बोटात जाड अंगठी. गलाईचं दुकान तमिळनाडूत. सोन्या-चांदीची गलाई करायला खानापूर, कडेगाव, आटपाडी भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभर पांगली आहेत. कुठल्याही मोठ्या गावाच्या सराफकट्ट्यात गेलं की मागच्या बोळात भट्टीपुढे इकडचं माणूस सापडतं. "दिवाळीला येनं जमत न्हाई," ते सांगतात, "दिवाळीत तर आमचा धंदा. गावच्या जत्रंला आनि ताबुताला मात्र येतो. बायको माहेरी, म्हंजी हितंच. पोरगं तमिळ शाळंत जातंय. त्याला कळाय पायजे ना आपन कुठलं ते." पोरगं त्यांच्या खांद्यावर बसलंय, गळ्यात लाल-हिरवा नाडा. नवसाचं आहे. दहा दिवस त्याला फकीर केलंय. कपाळाला बुक्का लावलाय, कारण आज आषाढी एकादशी.

हो, आज एकादशीसुद्धा आहे. गेल्या वर्षी, २०२४ साली, १७ जुलैला दोन्ही एका दिवशी आली होती, यंदा, २०२५ साली, ६ जुलैला पुन्हा. वर्तमानपत्रांनी त्याला दुर्मीळ योग म्हटलंय. योग आहे खरा, पण त्यात चमत्कार काही नाही. दोन्ही पंचांगं एकाच चंद्रावर चालतात. चांद अमावास्येनंतर दिसतो, तिथून दहा दिवस मोजले की शुद्ध एकादशीच्या आसपासच येऊन पोचतो. फरक इतकाच की आपण दर अडीच-तीन वर्षांनी अधिक महिना घालून गाडी ऋतूंच्या रुळावर आणतो आणि हिजरी सनात तसा महिना घालत नाहीत. म्हणून मोहरम दर वर्षी अकराएक दिवस मागे सरकतो आणि बत्तीस-तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०२३ साली अधिक श्रावण झाला, पुढचा अधिक ज्येष्ठ २०२६ साली आहे. या दोन अधिकांच्या मधल्या फटीत मोहरम आणि आषाढ जोडीनं चालले आहेत. पुढच्या वर्षी ही जोडी फुटेल, आणि पुन्हा जुळायला आज खांद्यावर बसलेल्या या पोराला स्वतःचं पोर खांद्यावर घ्यावं लागेल.

योगाचा खरा परिणाम सरबताच्या टेबलावर दिसतोय. चौकाच्या कोपऱ्यात पातेली मांडून मुसलमान पोरं सरबत वाटतायत. त्यांतल्या निम्म्यांचा आज रोजा, त्यामुळे ती स्वतः पिऊ शकत नाहीत. एकादशीच्या उपासाला सरबत चालतं. तेव्हा वाटणारे उपाशी, पिणारे उपाशी, आणि पातेलं मात्र भराभर रिकामं होतंय. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला चोंगे आणि मलिदा आहे. दोन्ही गव्हाचे, एकादशीला चालत नाहीत. एक म्हातारी चोंगा घेते, कपाळाला लावते, पदराच्या टोकात बांधते.

"आजी, खावा की," पोरगं म्हणतं.

"उद्या खाईन रं बाबा. बारस सोडीन यानंच."

मी गर्दीतून वाट काढत ताबुताच्या बुडाशी जातो. लांबून जे रंगीत कागदाचं वाटतं ते जवळून सगळं बांबूचं काम आहे. अष्टकोनी मजला, त्यावर त्याहून जरा लहान अष्टकोनी मजला, त्यावर पुन्हा. कागदाची जाळी एके ठिकाणी फाटली आहे, तिथून आतलं दिसतं. कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, बोटाएवढ्या कामट्या एकमेकींना आडव्या-तिरक्या गेलेल्या. जिथं दोन कामट्या भेटतात तिथं सुताचा दोरा घट्ट गुंडाळलेला आणि त्यावर चिकणमाती चोपडलेली. वाळून ती कामटीच्याच रंगाची झाली आहे. नखानं टोकरली तरी निघत नाही. खिळा नाही, तार नाही.

"हात नका लावू, साहेब." मागून आवाज येतो. सत्तरीचे एक कारागीर, लुंगी, बनियन, खांद्यावर टॉवेल. सगळे त्यांना चाचा म्हणतात. आवाजात राग नाही, सवय आहे.

"चाचा, गाठ कुठं दिसत नाही."

"गाठ मारतच न्हाई. गुंडाळत जायाचं, वडत जायाचं. गाठ मारली की तिथंच कामटी काचती. वाऱ्यानं हल्ली की मोडती." ते एका सांध्यावर अंगठा ठेवून दाबतात. कामटी लवते आणि जागेवर येते. "ताबूत ताठ उभा ऱ्हायला तर पडंल. त्यो झुलाय पायजे."

बकरी ईद झाली की काम सुरू होतं. कळक आणायचा, चिरायचा, तासायचा, कामट्या सारख्या करायच्या. मग बांधणी, आणि तीही उलटी. आधी कळस बांधतात. तो उचलून धरायचा, त्याच्याखाली त्याहून मोठा मजला बांधायचा. मग दोन्ही मिळून वर उचलायचे, खाली तिसरा. ताबूत असा वरून खाली वाढतो आणि त्याचा कळस रोज थोडा थोडा आभाळात सरकतो. ऐकताना हे उफराटं वाटतं. डोकं लावलं की कळतं, याहून शहाणा मार्ग नाही. परांची नको, शंभर फुटांवर माणूस चढवायला नको, सगळं काम जमिनीवर, उभ्या माणसाच्या हाताच्या टप्प्यात. घरबांधणीत ज्याला आपण मूर्खपणा म्हणतो तीच गोष्ट इथं गरजेतून आलेली अक्कल आहे. कागद चिकटवायचा तो शेवटी-शेवटी, पावसाचा अंदाज घेऊन.

"कुठं शिकलात?"

"शिकतंय कोण? बापाच्या हाताखाली दोरा धराय बसलो, नऊ-धा वर्साचा आसन. अजून दोराच धरतोय."

"आणि तुमच्या हाताखाली?"

चाचा हनुवटीनं दाखवतात. बुडाशी वाकलेला पोरगा वासा तपासतोय. मनगटात शिवाजी महाराजांच्या मुद्रेचं कडं. "ह्यो माळ्याचा. हात चांगला हाय. पर मोबाईल लई बगतो."

तेवढ्यात वाजंत्री थांबते. नंतर जे होतं त्याचा आवाज आधी पायांना कळतो. लाकडी वाशांखाली माणसं घुसतायत. एकेका वाशाला दोन्ही बाजूंनी माणसं, खांद्याला खांदा, मधे तळहात जाईल एवढीसुद्धा फट नाही. कुणाच्या खांद्यावर दुमडलेला टॉवेल, कुणाच्या पोत्याचा तुकडा. पहिला मान सातभाईंच्या ताबुताचा. तो हलल्याखेरीज बाकीचे हलत नाहीत. एक जण बुडाशी दगडावर उभा राहून सगळ्यांकडे बघतो. त्याच्या हातात ना शिट्टी ना माईक. तो फक्त हात वर करतो.

हात खाली येतो आणि शेकडो गळ्यांतून एकच हाक उठते, हुसेनची. वासे कण्हतात. ताबूत जमिनीपासून सुटतो तो एका बाजूनं आधी. शेंडा आपल्याकडे येतोय असं वाटतं, चौकातली गर्दी एका लाटेनं मागे सरते, गॅलरीतल्या बायका "आगं आय आय आय" करतात. दुसरी बाजू उचलली जाते. शेंडा परत फिरतो, पलीकडे जातो, पुन्हा मधे येतो. थांबतो.

"सातभाईंचा उचलला!" माडीवरून पोरगं ओरडतं, आणि ती बातमी गल्ली-गल्लीतून पुढे पळते. मागच्या पेठेत वाट बघत असलेल्या ताशावर काठी पडल्याचा आवाज येतो. तिथलेही उचलायला लागले.

आता एक पाऊल. मग दुसरं. खालचे कुणी वर बघत नाहीत, त्यांना वरचं काही दिसतच नाही. त्यांना फक्त खांद्यावरचं ओझं कळतं आणि ते कुठल्या बाजूला वाढलं हे कळतं. बघायचं काम बाहेरच्यांचं. म्हणून सगळी गर्दीच ताबूत चालवत असते. "गेला, गेला, बागवानाच्या बाजूला गेला!" "खालच्या आळीचं जोर लावा!" "आरं सोड, सोड, लई आला हिकडं!" सूचना देणाऱ्यांत मघाचे गलाईवाले आहेत, आबा आहेत, सरबतवाली पोरं आहेत. थोड्या वेळानं माझ्या लक्षात येतं की मीही ओरडतोय.

एक बाई कडेवरचं तान्हं घेऊन पुढे येते. दोन माणसं वासा जराशानं उंच करतात, ती तान्ह्याला ताबुताखालून पलीकडच्या हातांत देते आणि वळसा घालून परत घेते. तान्हं झोपेतून उठलंही नाही. तिच्या कपाळावर मोठं कुंकू आहे. तिच्यामागे बुरख्यातली एक जण तिचं तसंच झोपलेलं लेकरू घेऊन रांगेत. खाली वाशाला खांदा दिलेला माणूस कळवळून म्हणतो, "वैनी, बिगी बिगी करा हो." ओझं त्याच्या मानेवर आहे.

गावात चौदाएक ताबूत बसतात आणि त्यांतले जवळपास निम्मे हिंदू घराण्यांचे आहेत, बाकीचे मुसलमान घराण्यांचे. देशपांडे यांचा, शेटे यांचा, हकिमांचा, बागवानांचा, अत्तारांचा, इनामदारांचा. नावं ऐकली की अख्खी जुनी गावरचना डोळ्यापुढे येते. वतनदार, व्यापारी, वैद्यकी करणारे, फळवाले, अत्तरवाले, सगळे. परंपरा दीडशे वर्षांहून जुनी असल्याचं गाव सांगतं. मूळकथा विचारावी तर प्रत्येक घराची वेगळी, आणि प्रत्येक कथेत त्या-त्या घराचाच मान मोठा.

इथं मान हाच कळीचा मुद्दा आहे. कुणाचा आधी उचलायचा, कोण कुणाच्या दारात जाऊन त्याला सोबत घेणार, चौकात कोण कुठं उभा राहणार, भेट कुणाची कुणाशी, हे सगळं ठरलेलं आहे आणि त्यात बोटभर इकडचं तिकडे चालत नाही. वरून ईर्षा. याचा उंच की त्याचा, याची जाळी नाजूक की त्याची. बाहेरून येणारा वार्ताहर इथं 'ऐक्याचं प्रतीक' लिहून मोकळा होतो. मला विचाराल तर या गावाला बांधून ठेवणारी गोष्ट ऐक्यापेक्षा हक्काची आहे. देशपांडे ताबूत काढतात तो मुसलमानांवर उपकार म्हणून नाही, तो त्यांचा ताबूत आहे. त्यांचा मान कुणी काढून घेऊ म्हणालं तर ते भांडतील. परक्याच्या सणाला पाहुणा म्हणून गेलेला माणूस काही बिनसलं की उठून घरी जातो. ज्याच्या घरचंच कार्य आहे तो उठून जाणार कुठं?

आणि उठून जाण्याची वेळ महाराष्ट्रात आली होती. एकोणिसाव्या शतकात मोहरम हा दख्खनच्या बहुतेक गावांत सगळ्यांचा सण होता. ग्वाल्हेरला शिंदे आणि इंदुरात होळकर, दोन्ही मराठी राजघराणी ताजिये, म्हणजे तिकडचे ताबूत, काढत होती. इंदुरातल्या ताजियाला तर सरकारी ताजिया असंच नाव पडलं. पुण्यातल्या ताबुतांपुढे हिंदू पोरं नाचत. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत दंगल झाली, पुढच्या वर्षी पुण्यात हिंदूंनी मोहरमवर बहिष्कार घातला, आणि त्याच सुमारास लोकमान्यांच्या पुढाकारानं गणपती चौकात आला. गणपतीपुढे गाणारे मेळे उभे राहिले, त्यांचा साचा मोहरमच्या गाणाऱ्या टोळ्यांचा होता, असं इतिहासकार दाखवून देतात. शहरात एक गेलं आणि दुसरं आलं. कडेगावासारख्या ठिकाणी मात्र दुसरं आलं तरी पहिलं गेलं नाही. गणपतीही बसतो आणि ताबूतही बसतो. याच जिल्ह्यातल्या गोटखिंडीत तर गणपती मशिदीतच बसतो.

हे आता सोपं राहिलेलं नाही. ताबूत धर्मात बसत नाही असं सांगणारे मौलवी आहेत आणि दुसऱ्यांच्या पिराला खांदा कशाला असं विचारणारी आपलीही मंडळी आहेत. दोघंही दर वर्षी थोडे वाढतात. चाचांना मी हे विचारलं तेव्हा ते दोरा गुंडाळत होते. त्यांनी वर न बघता सांगितलं, "सांगत्यात की. ऐकून घ्याचं. मंग काम कराचं."

सातभाईंचा ताबूत आता कोपऱ्यावर आलाय. वळण अवघड आहे. एका बाजूला माडीचा सज्जा, दुसऱ्या बाजूला चिंचेची फांदी. सगळा चौक गप्प होतो. वासे एका बाजूनं जागेवर, दुसऱ्या बाजूनं पावलापावलानं फिरतात. फांदी कागदाला घासते, एक गुलाबी पट्टी फाटून खाली तरंगत येते, आणि ती झेलायला पन्नास हात वर होतात. जिला सापडते ती पोरगी पट्टीची घडी करून कंपासपेटीत ठेवते. ताबूत वळतो. ताशा सुटतो.

सुरेशबाबा देशमुख चौकातल्या मैदानात पोचेपर्यंत दुपार टळते. इथं शासनाचा मांडव आहे, बंदोबस्त आहे, पुढाऱ्यांचं व्यासपीठ आहे. तालुक्यातले एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोन्ही गट आज एका ओळीत खुर्च्यांवर आहेत. त्याचं श्रेयही ताबुताला द्यायला हरकत नाही. वेगवेगळ्या रस्त्यांनी ताबूत आत येत राहतात. एक शेंडा घरांच्या वर दिसतो, मग त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. मैदानातल्या माणसाला खालची माणसं दिसतच नाहीत, कळस तेवढे छपरांवरून चालत आल्यासारखे येतात.

मग भेटी. हा शब्द मी कडेगावात यायच्या आधी वाचला होता तेव्हा मला वाटलं होतं की ताबूत एकमेकांसमोर उभे करत असतील. तसं नाही. दोन्हीकडची माणसं ताबूत पुढे-पुढे घेतात, अंतर दहा हात, पाच हात, दोन हात. वरचं अंतर खालच्याहून वेगळं असतं, कारण दोन्ही झुलतायत. खालून कुणी तरी मोजतंय, "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या, जरा हिकडं... आता!" आणि कागदाला कागद लागतो. क्षणभरच. मैदानातून असा आवाज उठतो की माईकवरच्या निवेदकाचं तोंड नुसतं हलताना दिसतं. माझ्याशेजारची बाई हात जोडून रडतेय. तिच्या नवऱ्याला विचारायचं धाडस होत नाही. तो स्वतःच सांगतो, "दर वर्साला रडती. कशाला ते तिलाबी म्हाईत न्हाई."

भेटी झाल्या की मेल पुढे येतात. मेल म्हणजे इथल्या पेठापेठांच्या गाणाऱ्या टोळ्या. गोल करून उभे राहतात, एक जण ओळ टाकतो, बाकीचे उचलतात. करबल्याची कहाणी मराठीत आणि दखनीत, मधेच देशाचं गाणं, मधेच गावाचं. आवाज पट्टीच्या गायकांचे नाहीत, शेतात हाका मारून तयार झालेले आहेत. आज एका मेलवाल्यानं विठ्ठलालाही गाण्यात घेतलंय, आणि तुळशीची माळ घातलेले एक बुवा मागे उभे राहून ताल धरतायत. करबल्याचा दिवस दुःखाचा, हे गाणाऱ्यांना ठाऊक आहे. उंच सुरावर गेलं की त्यांचे चेहरे बदलतात. पण पलीकडे पाळणा फिरतोय, भेळेच्या गाड्यावर शेव-कांद्याचा वास सुटलाय, फुग्यांची पिपाणी वाजतेय. शोक आणि जत्रा एकाच मैदानात राहतात आणि कुणाला त्याची अडचण होत नाही.

भाषणं होतात. सगळी चांगली आहेत आणि सगळी एकच आहेत. प्रत्येकात ऐक्य, प्रत्येकात परंपरा, प्रत्येकात "देशानं कडेगावकडून शिकावं". कुणी तरी टाळ्या वाजवतं. ताबुताखालची माणसं मात्र त्या वेळी वाशाला टेकून खांदे चोळत बसलेली असतात. मनगटात कडं घातलेला तो पोरगा शर्ट उतरवून मित्राला खांदा दाखवतोय. कातडं सोललंय, त्याखाली जांभळं झालंय. मित्र त्यावर हळद लावतो. हा मित्र अत्तारांपैकी. "उद्या कामावर जाशील का?" मी विचारतो. "जानार की," पोरगा म्हणतो, "मालक बगू देत खांदा. त्यानं बी दिला हुता तरुनपनी."

व्यासपीठावरून कुणी खाली उतरून ही एक जखम माईकवर दाखवली असती तर भाषणांचा वेळ वाचला असता.

परतीचा रस्ता लवकर संपतो. गर्दी पातळ झालेली, पाऊस थांबलेला, खांदे दमलेले. ताबूत आपापल्या जागी जातात. चाचा जागेवर आधीच येऊन थांबलेत. ताबूत टेकवला जातो तेव्हा ते बुडाभोवती एक फेरी मारतात, दोन-चार सांध्यांवर अंगठा दाबून बघतात आणि मान हलवतात. ठीक आहे. मग रोजा सोडायला जातात. लाईट अजून आलेली नाही.

ज्यांना हे बघायचं असेल त्यांच्यासाठी एवढंच. २०२६ साली मोहरमची दहावी २६ जूनच्या आसपास, आणि पुढे दर वर्षी अकराएक दिवस आधी. नक्की दिवस चांद दिसल्यावर ठरतो. कडेगाव कराडहून विट्याच्या रस्त्यावर आहे आणि एसटी मिळते. सकाळी लवकर पोचा, कारण नंतर पाटील चौकात पाय ठेवायला जागा राहत नाही. शक्य असेल तर आठ-दहा दिवस आधी एकदा येऊन बांधणी बघून जा, तिथं गर्दी नसते आणि कारागीर बोलतात. छत्री आणू नका, टोपी आणा. आणि वाशाजवळ उभे असाल आणि कुणी "खांदा द्या" म्हणालं तर नाव-गाव न विचारता द्या. तुमचंही तिथं कुणी विचारणार नाही.